जागा खुली झाली म्हणून बाईनं उठायचं का?

 

आम्ही माणदेशातल्या एका गावातल्या बचत गटाच्या सात जणी. बोलणारी एक आहे, पण कागद सातजणींनी मिळून लिहिलाय. ज्या वाक्यावर भांडण झालं ते वाक्य काढून टाकलं, म्हणून कागद ठरवला होता त्यापेक्षा आखूड झालाय. गावाचं नाव घ्यायचं नाही, उमेदवाराचं नाव घ्यायचं नाही, असं रेडिओच्या ताईंनी बजावलंय आणि ते बरोबरच आहे. ग्रामपंचायतीची निवडणूक अजून जाहीर झालेली नाही. आचारसंहिता लागली की आम्ही गप्प. तोवर जे बोलतोय ते आमचं मत, रेडिओचं नव्हे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नंतर कुणी म्हणायला नको. ज्या सरपंच बाईंबद्दल आम्ही बोलणार आहोत, त्या आमच्याच गटातल्या. आम्ही त्यांना आक्का म्हणतो. आणि समोरून जे पॅनेल उभं राहतंय, परिवर्तन परिवर्तन म्हणतंय, त्यात आमच्यातल्या दोघींची पोरं आहेत. म्हणजे आमच्या दोन घरांत सध्या भाकरी वाढतानाही वाद चाललाय. पोरगं म्हणतं, "आई, पाच वर्षं झाली की, आता दुसऱ्याला बघू दे." आणि आईला पटकन उत्तर देता येत नाही. ते उत्तर शोधायला आम्ही बसलो, त्यातून हे भाषण झालं.

आक्का सरपंच कशा झाल्या ते आधी ऐका. १५ जानेवारी २०२१ ला आपल्याकडं हजारो ग्रामपंचायतींचं मतदान झालं, त्यात आमचं गाव होतं. आठवत असेल तुम्हाला, त्या वेळी सरपंचपदाची सोडत मतदान झाल्यावर निघाली. आधी सदस्य निवडून आले, मग तहसीलला चिठ्ठी निघाली, मग सदस्यांनी आपल्यातून सरपंच निवडला. आमच्या गावाची चिठ्ठी निघाली 'महिला'. ज्यांनी सरपंच व्हायचं म्हणून कपडे शिवून ठेवले होते, ते बसले घरी. निवडून आलेल्या बायका चार. एकीला सासऱ्यांनी नको म्हटलं, एक बाळंतपणाला माहेरी, एक म्हणाली मला सही येते पण वाचता येत नाही. उरल्या आक्का. दहावी नापास, दोन म्हशी, शिवणयंत्र. त्यांना कुणी निवडलं नव्हतं, त्या उरल्या होत्या. हे आम्ही त्यांच्यासमोरसुद्धा म्हणतो, त्या हसतात.

पहिलं वर्ष तर आम्ही कुणाला सांगावं असं नाहीच. एप्रिल-मे महिन्यात करोनाची दुसरी लाट, शाळेत विलगीकरण, डब्यांची व्यवस्था. ते त्यांनी निभावलं, कारण डबे करणं त्यांना येत होतं. पण ग्रामपंचायतीच्या ऑफिसात त्या गेल्या की मालक सोबत. खुर्चीत आक्का, शेजारच्या खुर्चीत मालक, आणि तालुक्याहून आलेला माणूस बोलणार मालकांशी. आता तुम्ही म्हणाल, हे तर गावोगाव चालतं. चालतंच. पण एक बारीक वस्तू असते, डोंगल. वित्त आयोगाचे पैसे आता चेकनं निघत नाहीत, कॉम्प्युटरवर सरपंचाची आणि ग्रामसेवकाची सही लागते, ती सही त्या डोंगलमध्ये असते. आक्कांचं डोंगल मालकांच्या खिशात. म्हणजे सही बाईची आणि हात बाप्याचा.

नेहमीच्या ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घ्यावी लागते, हे कायद्यातच आहे. आमच्याकडं ती आधी कागदावरच व्हायची, सह्या घरी फिरवून आणायचे. आक्कांच्या काळात पहिल्यांदा ती खरोखर भरली, मारुतीच्या देवळापुढं, तीस-पस्तीस बायका. तिथं आमच्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या काकींनी विचारलं, "काय गं, सही तुझी आणि चावी त्याच्या खिशात कशाला?" सगळ्या हसल्या. आक्का नाही हसल्या. दुसऱ्या दिवसापासून डोंगल त्यांच्या पिशवीत, रुमालात गुंडाळून. मालक महिनाभर बोलले नाहीत म्हणे. मग बोलायला लागले.

हे एवढं का सांगतोय? कारण पोरं म्हणतात, पाच वर्षांत केलं काय. आम्ही म्हणतो, पाचातली दोन तर शिकण्यात गेली. नमुना आठ म्हणजे काय, नमुना नऊ कशासाठी, कुठला निधी बंधित, कुठला अबंधित, आराखड्यात काम नसेल तर पैसा असूनही करता येत नाही, अंदाजपत्रक कोण करतं, तांत्रिक मान्यता कुणाची, बिल कुठं अडतं. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. पंचायत समितीच्या पायऱ्या चढून, चार वेळा परत पाठवल्यावर कळतं. पहिल्या वर्षी एका कामाचा पैसा त्यांच्या चुकीनं परत गेला, कारण ते काम आराखड्यातच घातलेलं नव्हतं. नुकसान गावाचं झालं. म्हणजे बघा, त्यांच्या शिक्षणाची फी गावानं भरलीय. आणि आता बाई शिकून तयार झाल्या, तर म्हणायचं, उठा?

यंदा सोडतीत सरपंचपद खुलं निघालं. त्या दिवसापासून गावात एकच बोलणं. "बाईची पाळी झाली, आता खुलं आहे." खुलं म्हणजे पुरुषांचं, असं जणू छापलंय कुठं. मैत्रिणींनो, हे नीट ऐका आणि घरी जाऊन सांगा. खुली जागा सगळ्यांना खुली असते. बाईला तिथं उभं राहायला कुठलाही कायदा आडवा येत नाही. १९९३ मध्ये त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती लागू झाली आणि पंचायतींत बायकांना एक तृतीयांश जागा मिळाल्या, २०११ मध्ये आपल्या महाराष्ट्रानं त्या निम्म्या केल्या. पण या जागा फिरत्या असतात. एका गावात पाच वर्षं महिला, पुढच्या खेपेला दुसऱ्या गावात. म्हणून होतं काय, बाई शिकते आणि जागा सरकते. पुढच्या गावात दुसरी बाई पुन्हा पहिलीपासून. फिरत्या खुर्चीवर कुणीच नीट बसत नाही असं होतं, आणि मग हेच लोक म्हणतात, बायकांना कारभार जमत नाही.

रेडिओच्या ताईंनी आम्हाला एका अभ्यासाबद्दल वाचून दाखवलं. रिखिल भवनानी नावाच्या अभ्यासकानं मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुका तपासल्या. १९९७ ला जे वॉर्ड महिलांसाठी राखीव होते आणि २००२ ला खुले झाले, तिथं खुल्या जागेवर बाई निवडून यायची शक्यता, जे वॉर्ड आधी राखीव नव्हते त्यांच्यापेक्षा साधारण पाच पटीनं जास्त निघाली. म्हणजे एकदा बाईचा कारभार बघितला की लोकांची भीड चेपते. मुंबईत होतं तर आमच्याकडं का होऊ नये? अर्थात तिथं घरातल्या चुलत्या-पुतण्यांचं भांडण नसतं, आमच्याकडं सगळं तेच असतं, हे आम्हाला माहीत आहे.

आता समोरच्यांचं ऐकू. ती आमचीच पोरं आहेत, शिकलेली आहेत, त्यांना वाईट म्हणायला आम्ही आलेलो नाही. त्यांचं पहिलं वचन, पाणीपट्टी अर्धी करणार. हे ऐकून आमच्या आळीतल्या पाच-सहा बायका खूश झाल्या, आम्हीही पहिल्यांदा झालो. मग हिशेब मांडला. हिशेब ऐका, कंटाळू नका, यातच सगळं आहे.

आमच्या गावात नळजोडण्या तीनशे चाळीस. पाणीपट्टी वर्षाला बाराशे. सगळ्यांनी भरली तर ४,०८,००० रुपये. मोटरीचं वीजबिल महिन्याला बावीस हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला २,६४,०००. पाणी सोडणाऱ्या माणसाला महिना सात हजार, म्हणजे वर्षाला ८४,०००. झाले ३,४८,०००. उरले साठ हजार. त्यात टीसीएल पावडर, व्हॉल्व्ह, फुटलेली पाइपलाइन, जळालेली मोटर. आता पट्टी केली सहाशे. सगळ्यांनी भरली तरी २,०४,००० रुपये. नुसतं वीजबिलसुद्धा भागत नाही. मग बिल थकणार. बिल थकलं की जोडणी तुटणार.

हे आम्ही भीती घालायला सांगत नाही, आमच्या डोळ्यांनी बघितलंय. आधीची पाणीयोजना अशीच मेली. त्या वेळच्या पुढाऱ्यांनी निवडणुकीत पट्टी माफ केली होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या उन्हाळ्यात मोटर बंद, टाकी कोरडी, आणि आम्ही टँकरच्या मागं. टँकर यायचा, विहिरीत ओतायचा, आणि आम्ही विहिरीतून शेंदून काढायचो, तेच पाणी. पहाटे तीनला नंबर लावायचा. आमच्यातल्या एकीचा त्या वर्षी पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं, ती अजून उन्हाळा आला की लंगडते. बाराशे रुपयांचं ज्यांना जड वाटतं त्यांनी तिला विचारावं. महिन्याचे शंभर होतात. आणि हे आम्हीही कबूल करतो, की ज्या घरात कमावतं माणूस नाही तिथं शंभरसुद्धा जड असतात. त्यांच्यासाठी हप्ते करून द्या, असा आमचा आक्कांकडं अर्ज आहे. त्यांनी अजून तो मासिक सभेपुढं ठेवलेला नाही. विसरल्या की टाळला, माहीत नाही.

आणि अजून काम संपलेलं नाही. जलजीवनमधून टाकी झाली, गावातली पाइपलाइन झाली, एक दिवसाआड पाऊण तास पाणी येतं. वरच्या वाडीत मात्र अजून नळ नाही. आराखडा आहे, मान्यता आहे, लोकवर्गणी जमा आहे, काम अर्ध्यावर थांबलंय. वाडीतल्या बायका अजूनही हंडे वाहतात. परिवर्तनवाले त्यांना जाऊन सांगतात, "बघा, आक्कांनी तुम्हाला काय दिलं?" बरोबर आहे, नाही दिलं. पण ते काम कुठं अडलंय, कुणाच्या टेबलावर कुठला कागद आहे, हे आज गावात दोनच माणसांना माहीत आहे, आक्का आणि ग्रामसेवक. ग्रामसेवकाची बदली कधीही होते. आता त्यांना ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचं म्हणे, नाव बदललं तरी बदली चुकत नाही. मग उरलं कोण?

त्यांचं दुसरं वचन, वित्त आयोगाच्या पैशातून देवळापुढं मोठा सभामंडप. मैत्रिणींनो, पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशांत शंभरातले साठ रुपये पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांच्यासाठी बांधलेले असतात. त्यांना दुसरीकडं हात लावता येत नाही. उरलेल्या चाळिसातून रस्ते, शाळा, अंगणवाडी बघायची. देवळाला कुणाचा विरोध आहे? वर्गणी काढू, आम्ही पहिल्या देऊ. पण ज्याला साठ आणि चाळीस माहीत नाही तो निवडून आल्यावर दोन वर्षं शोधत बसणार, की सभामंडपाचे पैसे गेले कुठं. शिवाय पंधराव्या आयोगाची मुदत मार्च २०२६ पर्यंतची, एप्रिल २०२६ पासून सोळावा. पुन्हा नियम वाचायचे, पुन्हा आराखडे बसवायचे. ज्याला जुनं वाचता येतं त्याला नवं लवकर कळतं.

त्यांचं तिसरं म्हणणं मात्र आम्हाला आवडलं, आणि आम्ही ते लपवणार नाही. पाण्याची मोटर सौरऊर्जेवर चालवू, म्हणजे वीजबिलच कमी होईल. हे आमच्यातल्या एकीच्या पोरानं मांडलंय. आक्कांच्या डोक्यात हे आलं नव्हतं. आम्ही त्यांना जाऊन सांगितलं, की पोरगं शहाणं बोलतंय. त्या म्हणाल्या, "मग त्याला म्हणावं, माझ्यासंगं ये, सदस्य हो." पोरगं म्हणालं, "काकी, मी सदस्य नाही, सरपंच होणार." बरं बाबा.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही खरं तर आज इथं आलो ती सांगतो. यावर कुठल्याही पत्रकात एक ओळ छापून येणार नाही.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीनं ठराव केला, की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. मग सरकारनंही परिपत्रक काढलं, की सगळ्या ग्रामपंचायतींनी याचं अनुकरण करावं. आमच्याकडं आक्कांनी हा विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घेतला. सभेत गडबड झाली. चार-पाच जाणती माणसं उठून गेली, म्हणाली, ग्रामपंचायतीनं गटारं बघावीत, आमच्या घरात डोकावू नये. आक्कांचा आवाज कापत होता, पण ठराव त्यांनी वाचला, आणि हात वर करायला सांगितले. पुरुषांचे हात कमी होते. बायकांचे हात आधी कमरेपर्यंत आले, मग वर गेले. कोरम पुरा होता. ठराव झाला.

पुढच्या वर्षी आमच्या सातजणींतल्या एकीचे मालक वारले. शेतात, दुपारी. आम्ही सगळ्या तिच्या घरी. जुन्या पद्धतीनं एक बाई दगड घेऊन पुढं आली. त्या वेळी आक्का तिथं सरपंच म्हणून आल्या नव्हत्या, मैतरीण म्हणून आल्या होत्या. पण त्या एवढंच म्हणाल्या, "गावाचा ठराव आहे." बस्स. दगड खाली गेला. आमची मैत्रीण आज आमच्यासोबत स्टुडिओत बसलीय. हिरव्या बांगड्या आहेत हातात. तिला बोलायचं नाहीये, पण हे सांगायची परवानगी तिनं दिलीय.

समोरचे लोक हा ठराव रद्द करू असं म्हणत नाहीत. तसं कुणी म्हणणार नाही. पण त्या दिवशी सभेतून उठून गेलेले चौघे आज कुठं बसलेत? परिवर्तनाच्या बैठकीत, गादीवर. पोरं पुढं आहेत, मागं ते आहेत. ठराव रद्द करायची गरजच नसते. नुसतं कुणी "गावाचा ठराव आहे" म्हणायला जागेवर नसलं की झालं. कागद वहीत राहतो, दगड पुन्हा वर येतो.

याच जोडीला दुसरं काम झालं. नमुना आठच्या नोंदीत, म्हणजे घराच्या उताऱ्यावर, नवऱ्यासोबत बायकोचं नाव. गावात जवळजवळ निम्म्या घरांचं झालं. निम्मी राहिलीत. ज्यांची राहिलीत त्यांतल्या काही घरांत पुरुष म्हणतात, निवडणूक होऊ दे, मग बघू. का बरं निवडणूक होऊ द्यायची?

आता आक्कांच्या चुका. त्या नाही सांगितल्या तर आम्ही खोट्या. गटार त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या आळीत केलं. आमच्यातल्या दोघी खालच्या वस्तीत राहतात, त्यांच्या दाराशी दोन पावसाळे पाणी तुंबलं. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले शंभरातले पंधरा रुपये मागासवर्गीयांसाठी खर्च करायचे असतात, दहा रुपये महिला आणि बालकांसाठी. वस्तीतले दिवे चार वर्षं झाले नव्हते. त्या दोघींनी हे महिला ग्रामसभेत आक्कांच्या तोंडावर विचारलं. आक्का रागावल्या. "तुम्ही आपल्या असून" असं म्हणाल्या. आम्हीही म्हणालो, आपल्या आहोत म्हणूनच. दोन महिने आमच्या गटाची बैठक गप्प गप्प झाली. मग दिवे आले. गटाराचं काम आराखड्यात आलं, झालं नाही अजून. या दोघी आज इथं आहेत, आणि कागदावर त्यांचीही सही आहे. त्या म्हणतात, "हिला कुठं पकडायचं ते आम्हाला कळलंय. नव्याला कुठं पकडायचं ते कळायला अजून पाच वर्षं जातील." आम्हाला वाटतं, या सगळ्या भाषणात हेच खरं शहाणपणाचं बोलणं आहे, आणि ते ज्यांना सगळ्यांत कमी मिळालं त्यांनी केलंय.

कुणी म्हणेल, मग काय जो बसलाय त्यालाच जन्मभर बसवायचं? नाही. आमच्याच तालुक्यात एकाच वाड्यातले लोक पंचवीस-पंचवीस वर्षं बसलेत, आणि गावात शाळेला छप्पर नाही, अशी गावं आम्ही जवळून बघितलीत. तिथं आम्ही असतो तर आम्हीच परिवर्तनाचे झेंडे धरले असते. पण दुसरंही बघा. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. आता जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. गाव ओसाड, लोक कामाला पुण्या-मुंबईला. पाणी अडवलं, बोअर घेऊन शेती करायची नाही असं ठरवलं, झाडं राखली, आणि ते वर्षानुवर्षं त्याच माणसांनी चालवलं. तीस वर्षं तिथं निवडणूक बिनविरोध व्हायची. २०२१ ला पहिल्यांदा समोर पॅनेल उभं राहिलं, मतदान झालं, आणि सातच्या सात जागा पवारांच्या पॅनेलला. आम्हाला त्यातलं बिनविरोध नको आहे, खरं सांगायचं तर. मतदान झालं ते बरंच झालं. समोर कुणी उभं असलं की बसलेला माणूस सरळ बसतो. पण पाणी अडवायचं काम पाच वर्षांत होत नाही, हेही त्या गावानं दाखवलं. तिथला बदल कारभारी माणसं न बदलता झाला.

या खेपेला आणखी एक फरक आहे. कायदा पुन्हा बदलल्यामुळं आता सरपंच थेट आपल्या मतानं निवडायचा. मागच्या वेळी सदस्यांनी आक्कांना खुर्चीत बसवलं, कारण दुसरी नव्हती. या वेळी गाव बसवणार किंवा उठवणार. आपल्याला सरपंचासाठी वेगळं मत आहे आणि वॉर्डातल्या सदस्यांसाठी वेगळं. सरपंच एका बाजूचा आणि सदस्य दुसऱ्या बाजूचे, असं झालं तर पाच वर्षं नुसती कोरमची भांडणं. आणि एकदा थेट निवडलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास ठराव आणता येत नाही. म्हणजे "बघू तर खरं, नाही जमलं तर काढू" हे चालणार नाही. भाजी घेताना आपण चार टोमॅटो दाबून बघतो, इथं तर पाच वर्षांचं घेतोय.

आक्का उभ्या राहणार की नाही हे त्यांनी अजून नक्की केलेलं नाही, हेही तुम्हाला सांगायला हवं. घरून विरोध आहे. मालकांचा नाही, आता दिराचा आहे. खुल्या जागेवर उभं राहिलं आणि पडलं तर तोंड कुठं दाखवायचं, असं त्यांना वाटतं. आरक्षणावर बाई निवडून आली तर ती चिठ्ठीनं आली, खुल्या जागेवर पडली तर ती बाई म्हणून पडली. पुरुष पडला तर तो नुसता पडतो. आम्ही त्यांना म्हटलं, तुम्ही उभ्या राहा, तोंड आम्ही दाखवू.

आणि आमच्या दोन घरांतल्या पोरांना एवढंच विचारलंय, की बाबांनो, पाणीपट्टी अर्धी केल्यावर उरलेलं वीजबिल कोण भरणार, एवढं लिहून द्या. एकानं लिहून आणलंय. कागदावर सौर पंपाचा खर्च आहे, तो कुठल्या योजनेतून येणार ते नाही. तो आता पंचायत समितीत चौकशीला जाणार आहे. आक्कांनीच त्याला सांगितलं, कुठल्या खोलीत जायचं आणि दुपारी दोनच्या आत जायचं, नाहीतर साहेब फिरतीवर असतात.

आता एक कामाची गोष्ट सांगून थांबतो. मतदार यादी. मागच्या खेपेला आमच्या गावात बऱ्याच सुनांची नावं माहेरच्याच यादीत राहिली होती. लग्न होऊन तीन-तीन वर्षं झालेल्या पोरी मतदानाच्या दिवशी घरी बसल्या. घरात सून आली असेल तर तिचं नाव कुठल्या यादीत आहे ते आजच बघा. नसेल तर गावातल्या बीएलओंकडं फॉर्म भरून नाव इकडं आणा. आधार कार्ड आणि फोटो सोबत ठेवा. अर्ज दिल्याची पोच मागून घ्या, पोच दिल्याशिवाय उठू नका. आमच्या आळीत आम्ही उद्या सकाळी दहा वाजता अंगणवाडीत बसणार आहोत. ज्यांना फॉर्म भरता येत नाही त्यांनी या, आम्ही भरून देऊ. कुणाला मत देणार ते कुणी विचारणार नाही.